बाळ-बाळंतीण सुखरूप?

बाळंतपण झालं की नातेवाइकांना निरोप जातो, ‘बाळ-बाळंतीण सुखरूप.’ मग मालिश, शेक, डिंकाचे लाडू, पाचवी. बाळंतिणीच्या अंगाची काळजी घ्यायला घरात चार बायका असतात. तिच्या मनाची चौकशी मात्र क्वचितच होते. ती रडली तर कुणीतरी दृष्ट काढतं आणि विषय तिथेच संपतो.

पहिल्या आठवड्यातलं रडू बहुतेकींना येतं आणि आपोआप ओसरतं. नैराश्य हा आजार वेगळा. मन दिवसचा दिवस खिन्न राहतं किंवा कशातच गोडी वाटत नाही, आणि हे किमान दोन आठवडे चालतं. बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप लागत नाही. आपण वाईट आई आहोत असं तिला वाटत राहतं. कधी मरणाचेही विचार येतात.

गोव्यातल्या एका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 270 गरोदर स्त्रियांची नोंद केली आणि बाळंतपणानंतरही त्यांची विचारपूस सुरू ठेवली. हा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. त्यांतल्या बहुतेकींचा मानसिक त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही त्यातून बाहेर आलेल्या नव्हत्या.

याचं खापर सहसा हार्मोनवर फुटतं. प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतात, हे खरंच आहे, आणि काही स्त्रियांना हा उतार अधिक जाणवतो. पण ही हार्मोन तर प्रत्येक बाळंतिणीची उतरतात; मग आजारी काहीच जणी का पडतात? गोव्यातल्या आकडेवारीत त्याचं बरंचसं उत्तर घरात सापडलं: गरिबी, पोटाला न मिळणं, नवऱ्याशी बिनसलेलं नातं, त्याची मारहाण. आणि मुलगी झाली असेल तर या सगळ्याचा भार आणखी वाढत होता. मला या अभ्यासातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. बाळ धडधाकट, आई जिवंत, आणि तरी घरातल्यांच्या पडलेल्या चेहऱ्यांनी ती आजारी पडू शकते.

देशाचं चित्र 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने 12 राज्यांत ते केलं. महाराष्ट्र त्यांत नव्हता. सुमारे 20 प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेलं होतं. पाहणीच्या वेळी ते 2.7 टक्के लोकांत होतं, पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. गोव्याचे 23 टक्के याच्या शेजारी ठेवून थेट तुलना करू नये, कारण तिथे चाळणी-प्रश्नावली, म्हणजे आजाराची शक्यता हेरणारे थोडके प्रश्न, वापरली होती आणि सर्वेक्षणात निदानाची मुलाखत. पण सर्वेक्षणातला दुसरा एक आकडा विसरता येत नाही: नैराश्य असलेल्या सुमारे 85 टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते.

मानसोपचारतज्ज्ञ गावोगावी नाहीत. म्हणून गोव्यातच पुढे स्थानिक, डॉक्टर नसलेल्या लोकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन पाहिलं गेलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांना त्यांनी सहा ते आठ भेटी दिल्या. सुटलेली छोटी कामं पुन्हा धरायची, माणसांत मिसळायचं, अडचण फोड करून सोडवायची, असा साधा मार्ग होता. 2017 साली निकाल आला: तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटातले 39 टक्के.

घरात अशी खिन्न बाळंतीण असेल तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. तिथे मराठीतून बोलता येतं.