जेवणानंतरची पाच मिनिटे

पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडलेल्या वृद्धाचे जेवण आटोपले, की पुष्कळदा उजव्या गालाच्या आत एखादा घास तसाच राहून जातो. त्या बाजूची संवेदना गेलेली असल्याने तो जाणवत नाही आणि जीभही तिथवर वळत नाही. थोड्या वेळाने त्यांना आडवे केले, की हे अन्न लाळेबरोबर घशाकडे सरकू लागते. निरोगी माणसाला अशा वेळी जोराचा ठसका लागतो. पण उतारवयात, विशेषतः मेंदूच्या विकारानंतर, गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, त्यामुळे झोपेत लाळ थेंबाथेंबाने श्वासनलिकेत उतरली तरी कोणाला पत्ता लागत नाही. दातांवर, जिभेवर आणि कवळीवर साचलेल्या चिकट थरातले जिवाणू याच लाळेतून फुफ्फुसांपर्यंत पोहोचतात. अंथरुणाला खिळलेल्या अनेक वृद्धांच्या न्यूमोनियाचे मूळ असे तोंडात असते.

तोंड स्वच्छ ठेवून हा न्यूमोनिया कमी करता येईल का, हे जपानमधील दंतवैद्य ताकेयोशी योनेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ शुश्रूषागृहांत, म्हणजे वृद्धांना कायमचे ठेवून त्यांची काळजी घेणाऱ्या निवासांत, दोन वर्षे तपासून पाहिले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये थोडक्यात आणि २००२ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले. वृद्धांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले होते. नेहमीप्रमाणेच राहू दिलेल्या गटातील १८२ जणांपैकी ३४ जणांना न्यूमोनिया झाला. तोंडाची विशेष काळजी घेतलेल्या गटातील १८४ जणांपैकी २१ जणांना. न्यूमोनियाने झालेले मृत्यू पहिल्या गटात ३०, तर दुसऱ्या गटात १४ होते. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: एकही दात न उरलेल्या वृद्धांनाही या काळजीचा लाभ झाला. ‘दातच नाहीत, मग घासायचे काय?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. जिभेवर, टाळूवर आणि हिरड्यांवरही जिवाणूंचा थर बसतो, हे त्याचे उत्तर आहे.

हा अभ्यास ‘ब्रश केल्याने न्यूमोनिया टळतो’ अशा एका वाक्यात सांगितला जातो, तेव्हा त्यातला खरा गाभा निसटतो. प्रत्येक जेवणानंतर सुमारे पाच मिनिटे तोंड स्वच्छ करण्याचे काम परिचारिका आणि काळजीवाहक करीत होते. आठवड्यातून एकदा दंतवैद्य किंवा दंत-स्वच्छता तज्ज्ञ येऊन, ब्रशने न निघणारा थर आणि दगडासारखे घट्ट झालेले किटण काढीत होते. दिवसाला तीन जेवणे धरली, तर आठवड्याला एकवीस वेळा परिचारिकेचा हात आणि एकदा दंतवैद्याचा. किटण जागेवरच राहिले, तर परिचारिकेची मेहनत बरीचशी वाया जाते; आणि रोजची सफाई झाली नाही, तर दंतवैद्याने स्वच्छ केलेल्या दातांवर एक-दोन दिवसांत पुन्हा थर चढू लागतो.

दोघांचे काम जुळायचे, तर दोघांना एकच भाषा हवी. स्वीडनमध्ये परिचारिका वृद्धांचे तोंड पाहताना आवाज, ओठ, तोंडातील अस्तर, जीभ, हिरड्या, दात, कवळी, लाळ आणि गिळणे या नऊ गोष्टींना एक ते तीन असे गुण देतात. एक म्हणजे निरोगी आणि तीन म्हणजे गंभीर बिघाड. विजेरी आणि छोटा आरसा एवढ्यावर ही तपासणी पलंगापाशीच होते, आणि ‘तोंड बरे दिसत नाही’ अशा मोघम निरोपाऐवजी दंतवैद्याला नेमकी माहिती मिळते. तिथे १९९९ पासून, मोठ्या प्रमाणावर शुश्रूषा लागणाऱ्या वृद्धांना राहत्या जागी तोंडाची मोफत तपासणी मिळते आणि शुश्रूषा करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद आहे.

मात्र एकदा शिकवले म्हणजे काम झाले, असे होत नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १४ शुश्रूषागृहांमधील दोन हजारांहून अधिक वृद्धांवर झालेल्या अभ्यासात, काळजीवाहकांना तोंडाच्या स्वच्छतेचे प्रशिक्षण दिल्यावर पहिल्या वर्षी न्यूमोनिया कमी झाला. पण दोन्ही वर्षांचा एकत्रित हिशेब केला, तेव्हा तो फरक ठोसपणे दिसला नाही. मला यातून एवढेच दिसते, की दंतवैद्याचे येणे-जाणे आणि परिचारिकेशी बोलणे सतत चालू राहायला हवे.

बोलण्यासारखे पुष्कळ असते. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या आणि ॲलर्जीच्या काही औषधांनी लाळ आटते, तोंड कोरडे पडते आणि दात झपाट्याने किडू लागतात. कोणती गोळी कधीपासून सुरू आहे, हे परिचारिकेला ठाऊक असते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर दात काढण्यापूर्वी ते दंतवैद्याला कळलेच पाहिजे. उलट, कवळी कुठे घासते आहे आणि रुग्ण जेवण का टाळतो आहे, हे दंतवैद्य सांगू शकतो. कवळीची गोष्ट तर अगदी साधी आहे. टोकियोतील सरासरी ८८ वर्षे वयाच्या ५२४ वृद्धांच्या पाहणीत, रात्री कवळी घालूनच झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला.

आपल्याकडे बहुतेक वृद्धांची शुश्रूषा घरीच होते, आणि परिचारिकेची जागा सून, मुलगी किंवा ब्युरोतून येणाऱ्या मावशी घेतात. अंघोळ, औषधे, डायपर या सगळ्याचा हिशेब त्या चोख ठेवतात. तोंडाचे मात्र कोणी त्यांना शिकवलेलेच नसते. म्हणून दंतवैद्य घरी आले, की तोंडी सूचना देऊन निघू नयेत. मावशींच्या हाती ब्रश द्यावा आणि शेजारी उभे राहावे. पाठीशी उशी देऊन रुग्णाला बसते करावे, हनुवटी किंचित खाली असावी, मऊ ब्रश पाण्यात बुडवून निथळून घ्यावा, म्हणजे पाणी घशात उतरत नाही. लुळ्या बाजूच्या गालात ओल्या कापडात गुंडाळलेले बोट फिरवून अडकलेला घास काढावा, मात्र रुग्ण चावत असेल, तर बोटाऐवजी ब्रशच वापरावा. कवळी काढून घासावी आणि रात्रभर वाटीत पाण्यात बुडवून ठेवावी. हे सगळे मावशींनी एकदा त्यांच्यासमोर करून दाखवले, की मगच दंतवैद्यांनी आपली बॅग उचलावी.