चौकट आखली म्हणजे गट होत नाही

पडद्यावरचं बटण राखाडी दिसलं की लगेच 'व्हायरस आला' म्हणणारे असतात, आणि ते बटण 'जिवंत' करणारं सॉफ्टवेअर व्हॉट्सअॅपवर पाठवणारेही असतात. बटणाला काहीही झालेलं नसतं. त्याचा एक बिट (फक्त ० किंवा १ धरणारी खूण) १ झालेला असतो, एवढंच. ते सॉफ्टवेअर तो बिट ० करतं. बटण दाबता येतं, पण आतला प्रोग्राम परवानगी पुन्हा तपासत असेल तर दाबूनही काही होत नाही.

विंडोजच्या डायलॉगमधला (पर्याय विचारणाऱ्या खिडकीतला) प्रत्येक कंट्रोल, म्हणजे बटण, चौकट वगैरे, ही एक छोटी विंडोच असते आणि तिला ३२ बिटांचा एक आकडा चिकटलेला असतो. ही तिची स्टाइल. खालचे १६ बिट त्या त्या जातीच्या कंट्रोलचे, वरचे १६ सगळ्यांचे सामाईक. बिट शून्यापासून मोजायचे. २८वा चालू असेल तर कंट्रोल दिसतो, २७वा चालू असेल तर राखाडी पडतो, २३वा बारीक किनार देतो, १६वा टॅबचा थांबा, म्हणजे टॅबची कळ दाबत गेलं की तिथे थांबायचं.

खरी गंमत १७व्यात आहे. लोकलचा पास काढायचा डायलॉग घ्या. 'मासिक', 'त्रैमासिक' ही दोन रेडिओ बटणं (गटातलं एकच निवडता येतं ती गोल बटणं), खाली 'फर्स्ट क्लास', 'सेकंड क्लास' ही आणखी दोन. दोन्ही जोड्यांभोवती छान चौकटी आखल्या. 'मासिक' निवडलं, मग 'फर्स्ट क्लास' दाबलं, तर 'मासिक'चा ठिपका गायब! कारण ती चौकट म्हणजे निव्वळ रेघ आणि मथळा; आतल्या बटणांशी तिचा काही संबंध नाही. ऑटो रेडिओ बटण (बाकीची आपोआप विझवणारा प्रकार) दाबलं की टॅबच्या रांगेत, म्हणजे कंट्रोलच्या क्रमात, १७वा बिट असलेल्या कंट्रोलपासून तसाच पुढचा कंट्रोल येईपर्यंतचा टप्पा एक गट धरला जातो आणि त्यातली बाकीची बटणं विझतात. 'फर्स्ट क्लास'चा बिट द्यायचा राहिला, म्हणून चारही एकाच गटात गेली.

उपाय: व्हिज्युअल स्टुडिओच्या रिसोर्स एडिटरमध्ये (डायलॉग आखायच्या साधनात) 'मासिक' आणि 'फर्स्ट क्लास' या दोघांनाच 'ग्रुप', म्हणजे हाच १७वा बिट, ट्रू करा. 'सेकंड क्लास'नंतर जो कंट्रोल येतो त्यालाही करा, नाहीतर गट पुढे वाहत जातो. मग कंट्रोल-डी दाबून रांगेचे क्रमांक बघा. मागाहून आठवून टाकलेलं 'वार्षिक' पडद्यावर 'त्रैमासिक'शेजारी दिसलं, तरी रांगेत शेवटी जाऊन बसतं. दहातल्या नऊ वेळा घोळ तिथेच.

(हाच १७वा बिट मुख्य विंडोवर मिनिमाइझचं बटण देतो. बिट तोच, अर्थ विंडो बघून.)

प्रोग्राम चालू असताना किनारीचा बिट बदललात, तर सेटविंडोपॉस या विंडोजच्या फंक्शनला 'फ्रेम बदलली' असा झेंडा देऊन सांगावं लागतं. विंडोज किनारीची माहिती साठवून ठेवतं. राखाडीसाठी मात्र बिटाला हात लावू नका, एनेबलविंडो हे फंक्शन वापरा.

रंग, गोलाई, थीम यातलं काहीच या आकड्यात नाही. ते २००१च्या विंडोज एक्सपीपासून कॉमन कंट्रोल्स या विंडोजच्या कंट्रोल-संचाच्या ६व्या आवृत्तीतून येतं, आणि मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामला काय हवं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) ती मागितली नाही तर बटणं जुनीपुराणी, उठावाची दिसतात. मागितली तर देखणी होतात, पण 'मासिक'चा ठिपका उडायचा तो उडतोच.