नॉनसच राजवाडा

इंग्लंडच्या सरे परगण्यात राजा आठव्या हेन्रीने बांधविलेला आणि दीडशे वर्षांच्या आतच नामशेष झालेला ट्यूडरकालीन राजवाडा. हेन्रीच्या राजवटीचे तिसावे वर्ष सुरू होताना, एप्रिल १५३८ मध्ये, त्याचे काम सुरू झाले. या जागेवरचे कडिंग्टन हे गाव चर्चसकट उठविण्यात आले आणि राजाने नुकत्याच खालसा केलेल्या मर्टन येथील मठाचा दगड वाड्याच्या पायाभरणीत वापरण्यात आला.

विस्ताराने हा वाडा हेन्रीच्याच हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्याहून बराच लहान होता. त्याची कीर्ती होती ती सजावटीमुळे. आतल्या चौकाभोवतीच्या इमारतीचे वरचे मजले लाकडी सांगाड्याचे होते. सांगाड्यातील मोकळ्या चौकटींमध्ये रोमन सम्राट, देवदेवता आणि हर्क्युलीसची कृत्ये दाखविणारी गिलाव्यातील उठावशिल्पे बसविलेली होती, तर मधली लाकडे दिसू नयेत म्हणून त्यांवर कोरीव काम केलेले, सोनेरी मुलाम्याचे पाटीच्या दगडाचे तुकडे जडविले होते. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्या फाँतेनब्लो येथील राजवाड्यात काम केलेला, इटलीतील मोदेनाचा कारागीर निकोलस बेलिन याचा या कामात मोठा वाटा होता. या फ्रान्सिसशी असलेली हेन्रीची चढाओढ या भिंतींवर स्पष्ट उमटली होती.

हेन्री १५४७ मध्ये वारला तेव्हा काम अपुरेच होते. मेरी राणीने १५५६ मध्ये वाडा अर्ल ऑफ अरंडेल यास दिला व त्याने तो पूर्ण केला. १५९२ मध्ये तो पुन्हा राजघराण्याकडे आला. त्यापूर्वी १५८५ मध्ये स्पेनविरुद्ध झगडणाऱ्या डचांशी एलिझाबेथ राणीने येथेच करार केला होता.

वाडा पडला तो जीर्ण होऊन नव्हे. लंडनमधील प्लेगमुळे १६६५ मध्ये सरकारी खजिन्याची कचेरी येथे हलविली होती. पुढच्या जानेवारीत येथे आलेल्या जॉन एव्हलिनने, इतक्या वर्षांनंतरही गिलाव्याचे काम शाबूत राहिल्याबद्दल आपल्या रोजनिशीत आश्चर्य नोंदविले आहे. दुसऱ्या चार्ल्सने १६७० मध्ये तो आपली प्रेयसी बार्बरा व्हिलियर्स हिला दिला आणि जुगाराच्या कर्जात बुडालेल्या बार्बराने १६८२ च्या सुमारास तो पाडून त्याचे सामान विकायला काढले.

मार्टिन बिडल यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये झालेल्या उत्खननात वाड्याचा आराखडा, चर्चचा पाया आणि गिलावाशिल्पांचे असंख्य तुकडे सापडले. वाड्याच्या बाह्यरूपाची कल्पना मुख्यतः योरिस हुफनागेलच्या १५६८ च्या जलरंगचित्रावरून येते. हे चित्र २०१६ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. वाड्याच्या जागेवरील उद्यानात आज उभी असलेली नॉनसच मॅन्शन ही पुष्कळ नंतरची, वेगळी वास्तू होय.