गोव्यात बँका ढीगभर, मग खातं नसलेली माणसं आली कुठून?

दरडोई बँक शाखा मोजल्या तर गोवा देशात अगदी वरच्या नंबरात येतो, आणि ते बघायला आकडेवारी लागत नाही, पणजीत अठरा जून रस्त्यावरून एक चक्कर मारली तरी कळतं. त्यात परदेशी गेलेल्या मुलांनी पाठवलेल्या ठेवी, इतक्या की इथं जमा होणाऱ्या पैशातलं इथंच कर्ज म्हणून वाटलं जातं ते प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरंच खाली आहे. असं असूनही वास्कोचं बायणा, झुआरीनगर, मडगावचा मोती डोंगर, पणजीला लागून असलेलं चिंबलचं इंदिरानगर, या वस्त्यांमधली शेकडो घरं वर्षानुवर्षं बँकेच्या बाहेरच राहिली. शाखा लांब म्हणून नाही, शाखा तर चालत जाण्याएवढी. तिथं काउंटरवर जे विचारायचे, "तुम्हाला ओळखतं कोण आणि राहता कुठे", त्याचं कागदावर दाखवता येईल असं उत्तर यांच्याकडे नव्हतं. माझ्या मते गोव्यातला हा सगळा विषय याच दोन प्रश्नांभोवती फिरतो.

सुरुवात पोर्तुगीज काळापासून करावी लागेल. बांको नासिओनाल उल्त्रामारिनो ही बँक 1864 मध्ये लिस्बनला निघाली आणि 1868 मध्ये नोव्हा गोव्यात, म्हणजे आजच्या पणजीत तिची शाखा आली. नोटा छापायचा हक्कही तिलाच, आधी रुपये आणि 1958 नंतर एस्कुद. सरकार, मोठे व्यापारी, भाटकार म्हणजे जमीनदार, यांची ही बँक. साध्या माणसाचा तिच्याशी संबंध आलाच तर तो सोनं गहाण टाकण्यापुरता, बाकी व्यवहार दुकानदाराच्या वहीत, भाटकाराच्या मर्जीवर, नाहीतर गावकरीच्या झोणीवर, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातून मिळणाऱ्या वाट्यावर. तिथंही ओळख होतीच, पण ती गावाची ओळख, अमक्याचा मुलगा, अमक्या वाड्यावरचा, कागद कशाला हवा.

या गहाण सोन्याची गोष्ट गोव्यात जुन्या लोकांना अजून आठवते. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य येणार हे दिसायला लागल्यावर लोकांनी गहाण ठेवलेले दागिने लिस्बनला नेले गेले. 19 डिसेंबरला गोवा मुक्त झाला, चलन बदललं, बँक गेली, आणि बायकांच्या बांगड्या आणि पाटल्या पोर्तुगालच्या तिजोरीत पडून राहिल्या. ते सोनं परत यायला 1991 साल उजाडलं. तीस वर्षं! ज्यांनी गहाण टाकलं त्यातले कितीतरी जण तोपर्यंत गेलेसुद्धा असतील. आजी-आजोबा बँकेच्या नावाने नाक मुरडायचे ते उगाच नाही, असं मला तरी वाटतं.

आणि एक गंमत बघा, तेव्हा परगावी जाऊन परका होणारा माणूस गोंयकारच होता. मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गावागावांच्या कुडी होत्या, म्हणजे एकेका गावाचे क्लब, बोटीवर काम करणारे खलाशी तिथं आपली ट्रंक ठेवून समुद्रावर जायचे, परत आले की तिथंच उतरायचे. अनोळखी शहरात गावच त्यांची जामीन. आज वास्कोत गदग-बागलकोटकडचा मजूर आपल्याच गावच्या मुकादमाकडे पैसे ठेवतो तेव्हा तोही वेगळं काही करत नाही, फक्त आपण ते विसरलोय.

मुक्तीनंतर स्टेट बँक आली, 1963 मध्ये गोवा राज्य सहकारी बँक उभी राहिली, म्हापसा, मडगाव, डिचोली अशा शहरांच्या नावाच्या अर्बन बँका आल्या, आणि 19 जुलै 1969 ला 14 मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर शाखा गावात पोचल्या. पण शहरातल्या छोट्या माणसापर्यंत खरी बँक नेली ती पिग्मीवाल्याने. ही कल्पना मूळ उडुपीची, तिथं 1925 मध्ये सुरू झालेल्या सिंडिकेट बँकेने 1928 मध्ये पिग्मी ठेव काढली, रोज दोन आणे सुद्धा चालतील आणि एजंट दारात येऊन घेऊन जाईल. मंगळूर-उडुपीकडच्या बँका गोव्यात पसरल्या, मग सहकारी बँका आणि क्रेडिट सोसायट्यांनीही तेच उचललं, आणि पिग्मी हा इथल्या बाजाराचा भाग होऊन गेली.

म्हापशाच्या बाजारात संध्याकाळी कधी उभे राहून बघा. हिशेब आवरायची वेळ, एजंट एका टोकाने शिरतो, मिरच्यावाली, फुलवाली, चणेवाला, चहाचा गाडा, कुणी पन्नास देतं कुणी दोनशे, मिरच्यावाली तर पैसे मोजतही नाही, पदराखालच्या पिशवीतून काढते आणि देते, तो हातातल्या छोट्या मशीनवर आकडा मारतो, चिठ्ठी फाडतो, दोन शब्द बोलतो आणि पुढे. पूर्वी मशीन नव्हतं, कार्डावर सही करायचा. आज धंदा झाला नाही तर "उद्या दे" म्हणतो. व्याज जवळजवळ नाहीच, मुदतीआधी मोडलं तर उलट कापतात, एजंटाचं कमिशन त्यातूनच. हिशेबाने बघितलं तर तोट्याचा सौदा, पण पैसे घरात राहिले असते तर उरलेच नसते हे त्या बाईला आपल्यापेक्षा चांगलं कळतं, शिवाय वर्ष झालं की चवथीच्या खर्चाला रक्कम एकदम हातात आणि त्याच पिग्मीवर छोटं कर्जही मिळतं. आणि मुख्य म्हणजे ओळखीचा प्रश्न तिथं आपोआप सुटायचा, एजंट तिला रोज बघतो, अजून काय पाहिजे. (हे एजंट बँकेचे कामगार की नुसते कमिशनवाले हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2001 मध्ये कोर्टाने त्यांना कामगार मानलं, पण तो वेगळा विषय.)

पिग्मी नेहमी बाजारात एका जागी बसणाऱ्यांसाठी. आज या साइटवर तर उद्या त्या साइटवर असलेला गवंडी, घरकाम करणारी बाई, किनाऱ्यावर मणी-माळा विकणाऱ्या लमाणी बायका, कुटबण-मालीमच्या ट्रॉलरवरचे ओडिशा-झारखंडचे खलाशी, हे त्यात येत नव्हते. मुरगाव बंदर, झुआरीचा खत कारखाना, मग हॉटेलं आणि बांधकामं, यासाठी माणसं येत गेली आणि वस्त्या वाढत गेल्या. बँकेत खातं उघडायला तेव्हा आधीच्या खातेदाराची ओळख सही लागायची. आता मला सांगा, काल बसमधून उतरलेल्या माणसासाठी इथला कोण खातेदार सही करणार? ठेकेदार केली तर करायचा, पण मग पासबुकही त्याच्याच कपाटात राहायचं.

त्यावर पत्त्याचा घोळ. गोव्यातला घरमालक भाडेकरूला लेखी काही द्यायला का घाबरतो हे बाहेरच्यांना कळत नाही. 1975 च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराला संरक्षण मिळालं, ते योग्यच होतं, पण त्यानंतर "कागद दिला तर उद्या घर आपलंच म्हणेल" ही धास्ती मालकांच्या डोक्यात कायमची बसली, भाडेकरू आणि मुंडकार या दोन वेगळ्या गोष्टी असल्या तरी. त्यामुळे खोली मिळते, भाडं रोख जातं, करार नाही, वीजबिल मालकाच्या नावाचं. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची म्हटली तरी नाखुशीने. वर घाटी म्हणून हिणवणं आहेच. अशा माणसाने वास्तव्याचा पुरावा आणायचा कुठून?

रिझर्व्ह बँकेला हे कळायला 2005 साल आलं. त्या वर्षी 'नो फ्रिल्स' खाती काढायला सांगितलं, म्हणजे शिल्लक नसली तरी चालेल असं साधं खातं, कागदपत्रंही कमी केली, पण त्या सवलतीतही कागद नसेल तर जुन्या खातेदाराची ओळख होतीच. 2006 मध्ये बँकांना आपल्या वतीने माणसं नेमायची परवानगी मिळाली, ज्यांना आता आपण बीसी (बिझनेस करस्पॉन्डंट) म्हणतो. 2010 मध्ये आधार सुरू झालं, पहिलं आधार नंदुरबारच्या टेंभलीत दिलं. 2012 मध्ये साध्या खात्याला बेसिक सेव्हिंग्ज हे नाव मिळालं आणि ओळख सहीची अटही गेली.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट जून 2014 मधली, जिची कुठं जाहिरात झाली नाही. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की पत्त्याचा एकच पुरावा पुरे, कायमचा किंवा सध्याचा, आणि राहतो ती जागा वेगळी असेल तर ग्राहकाने स्वतः लिहून दिलं की झालं. म्हणजे गदगच्या पत्त्यावरच्या मतदार कार्डावर बायण्यात खातं निघू शकत होतं. नियम तेव्हा असा सरळ होता. काउंटरवर मात्र "लोकल अ‍ॅड्रेस प्रूफ आणा" हे त्यानंतरही लोकांनी वर्षानुवर्षं ऐकलंय, कारण शाखेतल्या माणसाला चूक झाली तर जबाब द्यायची भीती, आणि समोरच्याला नियम माहीत नसतो.

मग 28 ऑगस्ट 2014 ला जनधन आली. रुपे कार्ड, अपघात विमा, शून्य शिल्लक, कॅम्प, एका आठवड्यातल्या खात्यांचा गिनीज विक्रम. त्या वर्षअखेरीस केरळबरोबर गोव्याचंही नाव आलं की इथं प्रत्येक कुटुंबात खातं झालं. खोटं नव्हतं ते, पण कुटुंब म्हणून मोजलं कुणाला? साइटवरच्या पत्र्याच्या शेडमधली माणसं, ट्रॉलरवरच झोपणारे खलाशी हे कुठल्या सर्व्हेच्या कुटुंबात बसतात? स्थानिक बायकांची खाती तर आधीच वाढली होती, 2012 च्या गृह आधार योजनेचे पैसे थेट बँकेत येतात म्हणून, पण त्या योजनेला 15 वर्षांचं वास्तव्य लागतं. ज्याला पत्ता आहे त्याला खातं आणि पैसे दोन्ही, ज्याला नाही त्याला दोन्ही नाही.

8 नोव्हेंबर 2016 ची नोटबंदी सगळ्यांना आठवते. पन्नास दिवस द्या असं पंतप्रधान म्हणाले ते गोव्यातच, मोपा विमानतळाच्या कोनशिलेच्या दिवशी. पाठोपाठ मनोहर पर्रीकरांनी गोवा देशातलं पहिलं कॅशलेस राज्य करायची घोषणा केली, मासळी-भाजी सगळं मोबाईलवर, साध्या फोनवरून स्टार 99 हॅश लावून. ते काही झालं नाही, मासळी बाजारात तर लोक हसतच होते. पण ज्यांच्याकडे खातं नव्हतं त्यांच्याकडे जुन्या नोटा बदलायला ठेकेदार सोडून मार्ग नव्हता, आणि त्यानंतर खातं काढायची घाई खरंच वाढली. काही वर्षांनी त्याच बाजारात क्यूआरचे स्टिकर लागले ते कुणाच्या घोषणेने नाही, गिऱ्हाईकांकडे सुटे नसायचे म्हणून.

एप्रिल 2020 मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. लॉकडाऊनमध्ये जनधन असलेल्या बायकांच्या खात्यात तीन महिने पाचशे-पाचशे रुपये आले, म्हणजे खातं असलेल्या बाईला काहीतरी, शेजारच्या खोलीतल्या बिनखात्याच्या बाईला काहीच नाही. आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने म्हापसा अर्बनचा परवाना रद्द केला, पुढच्या वर्षी जुलैमध्ये मडगाव अर्बनचा. पैसे काढण्यावर निर्बंध त्याआधीपासूनच होते. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्येच एक लाखाची पाच लाख झाली होती म्हणून छोटे ठेवीदार वाचले, पण मधली वर्षं स्वतःच्याच पैशासाठी थांबायचं म्हणजे काय ते त्यांनाच विचारा. मोठ्या बँकेत जायला बिचकणारा माणूस जवळची, ओळखीची म्हणून ज्या बँकेत गेला तीच बुडाली, हे या विषयात कुणी फारसं बोलत नाही.

आता झुआरीनगरसारख्या ठिकाणी किराणा दुकानातच, बीसीकडे, अंगठा लावून पैसे मिळतात. तांदळाच्या पोत्याशेजारी छोटं मशीन, रविवारी सुट्टी म्हणून रांग, सिमेंट कालवून कालवून बोटांचे ठसे झिजलेले, एक बोट चालत नाही म्हणून दुसरं, मग पुसून परत पहिलं. ठसा लागलाच नाही तर हात हलवत परत, बँकेत जायचं तर दिवसाची हजेरी बुडते.

आणि 2014 च्या खात्यांना दहा वर्षं होऊन गेल्याने 2025 च्या जुलैपासून सरकारने पंचायतींमधून री-केवायसीचे, म्हणजे खातेदाराची ओळख आणि पत्ता पुन्हा तपासायचे, कॅम्प लावले. पत्ता बदललेला नसेल तर नुसतं लिहून दिलं तरी चालतं, बदललेला असेल तर नवा पत्ताही खातेदाराने लिहून द्यायचा, पडताळणी बँकेने करायची. बायण्यातली खोली सोडून नवे वाडेला गेलेल्याकडे मालकाचा कागद तेव्हा नव्हता आणि आताही नाही, त्यामुळे कुणी परत "लोकल प्रूफ" मागितलं तर हा नियम त्यांच्या वतीने काउंटरवर बोलून दाखवणारं कुणीतरी बरोबर जायला हवं, आणि सध्या ते काम बहुतेक वेळा ठेकेदाराचा मुनीमच करतो.