वर्गांतर्गत मूल्यमापन

विद्यार्थ्याला काय कळले, कोठे अडले आणि पुढे काय शिकवावे हे ठरविण्यासाठी शिक्षक अध्यापनाच्या ओघातच जी पारख करतो, तिला वर्गांतर्गत मूल्यमापन म्हणतात. तोंडी प्रश्न, वहीतपासणी, घटक चाचणी, प्रात्यक्षिक व निरीक्षण ही त्याची परिचित साधने होत.

आकारिक व संकलित हा यातील मूलभूत भेद मूल्यमापनतज्ज्ञ मायकेल स्क्रिव्हेन यांनी १९६७ मध्ये मांडला. मात्र त्यांच्या विवेचनाचा विषय विद्यार्थी नव्हे, तर अभ्यासक्रम होता. घडत असलेला अभ्यासक्रम सुधारण्यासाठी केलेली पारख आकारिक आणि तो पूर्ण झाल्यावर त्याच्या योग्यतेविषयी दिलेला निर्णय संकलित. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी पुढील काही वर्षांत ही विभागणी विद्यार्थ्यांच्या अध्ययनाला लावली. ही चाचण्यांच्या दोन प्रकारांची नावे आहेत असा समज त्यानंतर रूढ झाला. परंतु भेद चाचणीत नसून तिच्या उपयोगात आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. घटक चाचणीचे गुण नोंदवून लगेच पुढचा धडा सुरू केला, तर ती नावाने आकारिक असली तरी कार्याने संकलितच ठरते.

गुण देण्याच्या प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. केंब्रिज विद्यापीठातील अध्यापक विल्यम फॅरिश यांनी १७९२ च्या सुमारास उत्तरांना अंक देण्यास आरंभ केला असे वारंवार लिहिले जाते, पण त्याला पुरावा तोकडा आहे. अमेरिकेतील येल महाविद्यालयाचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ मध्ये ५८ विद्यार्थ्यांची चार श्रेणींत विभागणी केल्याची नोंद त्यांच्या दैनंदिनीत आढळते. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या १५९९ च्या शिक्षणनियमावलीत तर लेखी परीक्षेचे नियमच दिले आहेत. त्यामुळे या प्रथेचे श्रेय एका व्यक्तीला देण्यापेक्षा ती हळूहळू रुजली असे मानणे सयुक्तिक होय.

गुणांच्या विश्वसनीयतेचा प्रश्न १९१२ मध्ये स्टार्च व एलियट या अमेरिकी संशोधकांनी ऐरणीवर आणला. इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांनी तपासली असता तिला शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. भूमितीच्या उत्तरपत्रिकेत ही तफावत कमी होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती वाढली.

गुणांतून चुकीचे स्वरूप कळत नाही, ही उणीव याहून गंभीर आहे. ५२ मधून ३८ वजा करताना एका मुलाने २६ लिहिले आणि दुसऱ्याने २४, तर दोघांनाही शून्यच मिळते. पहिल्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. दुसऱ्याने दशक सुटा केला, पण पाचाचे चार करायचे राहून गेले. पहिल्याला स्थानिक किंमत पुन्हा, वस्तू हाताळायला देऊन समजवावी लागते. दुसऱ्याला बहुधा केवळ आठवण पुरते.

संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात नुसता लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांची प्रगती झाली. अभिप्रायासोबत गुणही दिले, तेव्हा तो लाभ दिसला नाही. १९९८ मध्ये ब्लॅक व विल्यम या संशोधकांनी अनेक अभ्यासांच्या आढाव्यावरून आकारिक मूल्यमापनाचा अध्ययनावर मोठा अनुकूल परिणाम नोंदविला. नंतरच्या विश्लेषणांत तो बराच कमी भरला. परिणामाची दिशा मान्य करून आकड्यांबाबत सावधगिरी बाळगणे इष्ट.

तोंडी प्रश्नांविषयी अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविल्यास उत्तरे अधिक विस्तृत येतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात.