घराबाहेरून येणारा वारसा

सीमाभागातल्या मराठी घरात १ नोव्हेंबरचा काळा दिन कशाचा, हे पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. १९५६ ला काय झालं, १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन का करतात, आजोबा कुठल्या मोर्चात होते, हे सगळं जेवता-उठता कानावर पडतं. कडोली-येळ्ळूरच्या साहित्य संमेलनात उरलंसुरलंही कळतं. पण त्याच घरातला विशीतला मुलगा गे असेल, तर आपल्याआधी इथं आपल्यासारखे कोण होते, कसे जगले, हे त्याला कोण सांगणार? मोबाईलवर दिसेल तेवढंच. कदाचित त्याच गल्लीत साठी ओलांडलेले एक गे काकाही असतील. पण त्यांचं लग्न झालेलं, नातवंडं खेळतायत, आणि या विषयावर त्यांनी आयुष्यभर तोंड उघडलेलं नाही.

माणसांमध्ये ज्ञान आणि रीतीभाती कशा पसरतात याची गणिती मांडणी लुका कावाली-स्फोर्झा आणि मार्कस फेल्डमन या शास्त्रज्ञांनी १९८१ साली पुस्तकरूपात केली. त्यांनी वाटा तीन सांगितल्या. आईवडिलांकडून मुलांकडे येते ती उभी. बरोबरीच्यांमध्ये पसरते ती आडवी. आणि आईवडील नसलेल्या मोठ्या माणसाकडून, म्हणजे मास्तर, गुरू, शेजारची मावशी यांच्याकडून येते ती तिरकी. समलिंगी किंवा ट्रान्स मुलांची उभी वाट बहुतेक वेळा बंदच असते, कारण आईवडील स्वतः तसे नसतात. आडवी वाट इंटरनेटनं रुंद केली खरी. पण विशीतल्या पोरानं विशीतल्याच पोराला विचारलं, तर म्हातारपणी एकट्यानं कसं राहायचं याचं उत्तर दोघांकडेही नसतं. मग राहते तिरकी वाट, आणि तीच गप्प बसलेली.

सगळीकडे गप्प नाही म्हणा. मार्गशीर्षातल्या पुनवेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडून गाड्या भरून लोक येतात, तेव्हा ही वाट उघड्यावर दिसते. यल्लम्माला वाहिलेल्या जोगत्यांमध्ये बऱ्याच जणी ट्रान्स असतात. म्हातारी जोगती पुढं, तिची चेली मागं. डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, हात न लावता कसा तोलायचा, चौंडक्याची तार किती ताणायची, जोगवा मागताना कुठल्या दारात थांबायचं आणि कुठलं टाळायचं, हे चेली गुरूच्या मागं चालत शिकते. निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये. मंजम्मा जोगतींनी आपली नृत्यकला अशीच ज्येष्ठ जोगतीकडून घेतली. २०१९ मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ चा पद्मश्रीही त्यांना मिळाला. या परंपरेचे गोडवे गाण्याचं कारण नाही. तिच्यात गरिबी आहे, शोषण आहे. पण बेळगावच्या टिळकवाडीतल्या कॉलेजात शिकणाऱ्या गे मुलाला विचारायला कुणी थोरलं माणूस नाही आणि डोंगरावरच्या चेलीला आहे, ही गोष्ट मला तरी विचार करायला लावणारी वाटते.

थोरल्यांच्या गोष्टी ऐकून नेमकं काय होतं? अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी २० प्रश्नांची एक यादी केली. आजी-आजोबांची भेट कुठं झाली, घरावर कुठली संकटं आली, अशा स्वरूपाचे प्रश्न. ज्या मुलांना घराण्याचा इतिहास जास्त ठाऊक होता, त्यांचा आत्मविश्वासही जास्त आढळला. गोष्टींमुळेच आत्मविश्वास वाढला असं यावरून सिद्ध होत नाही. जिथं गोष्टी सांगतात त्या घरात इतरही बरंच काही चांगलं असू शकतं. तरी प्रश्न उरतोच: ज्याच्यासारखं घरात कुणीच नव्हतं, त्यानं हा इतिहास कुठून आणायचा?

शिकागोत यावर एक प्रयोग चालतो. २०१९ पासून तिथले एलजीबीटी विद्यार्थी आणि त्याच समाजातले ज्येष्ठ ठरावीक दिवसांनी एकत्र बसतात, एकेक विषय घेऊन बोलतात आणि नंतर एकत्र जेवतात. जेवणाचं महत्त्व आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

अशा बैठकीत ज्येष्ठ कुठल्या वयाबद्दल सर्वांत भरभरून बोलतील, याचा अंदाज स्मृतिशास्त्रावरून बांधता येतो. उतारवयातल्या माणसांना सुट्टे शब्द देऊन आठवणी विचारल्या, तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये आठवणींचा हा उंचवटा दाखवून दिला. म्हणजे म्हाताऱ्याला सर्वांत लख्ख आठवतं ते नेमकं समोर बसलेल्या पोराचं वय. म्हणून ‘तुमच्या काळात कसं होतं?’ असा ढोबळ प्रश्न वाया जातो. ‘विशीत असताना तुम्ही हे पहिल्यांदा कुणाला सांगितलंत?’ असं विचारलं की माणूस खुलतो. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञानं १९६३ सालीच लिहून ठेवलंय की म्हातारपणी मागं वळून बघणं हा भ्रमिष्टपणा नव्हे, आयुष्याचा हिशेब लावण्याची ती नैसर्गिक क्रिया आहे.

हिशेब लावण्यासारखं आहेही बरंच. १९५५ साली जन्मलेला गे माणूस, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला आला तेव्हा ६२-६३ वर्षांचा होता. त्याआधी २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं दार उघडलं होतं आणि ११ डिसेंबर २०१३ ला ते सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा लावलं. मधल्या साडेचार वर्षांत ज्यांनी घरी सांगून टाकलं, त्यांचं पुढं काय झालं? आजच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्नच सुचत नाही. आणखी एक पोकळी आहे. बेळगाव-बागलकोट हा एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेला पट्टा. सरकारी मोफत औषधं सुरू झाली ती एप्रिल २००४ पासून. त्याआधी जे गेले, ते आज सांगायला बसले असते.

आपल्याकडे अशी बैठक घ्यायची तर बोलणारे घराबाहेर भेटलेले बरे, आणि रेकॉर्डिंग ज्येष्ठानं स्वतःहून म्हटलं तरच. खानापूरसारख्या गावात आवाजावरूनही माणूस ओळखतात.

तिरकी वाट उलटीही चालते. ऐंशीच्या दशकात ज्याला घरच्यांनी ‘बरं’ करायला डॉक्टरकडे नेलं, तो अजूनही स्वतःला आजारी समजत असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली १७ मे १९९० ला. असा इलाज करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये कळवलं. काकांना हे बहुधा विद्यार्थ्याकडूनच पहिल्यांदा कळेल.