जुनवट आरसा

पारा उडाल्यासारखा, डागाळलेला आणि किंचित धुरकट दिसणारा आरसा, किंवा साध्या काचेला मुद्दाम दिलेले तसे रूप. बोलीभाषेत आपण आजही ‘आरशाचा पारा उडाला’ असेच म्हणतो. प्रत्यक्षात बाजारात मिळणाऱ्या आरशात पारा नसतो. सोळाव्या शतकापासून व्हेनिसमध्ये आणि पुढे युरोपभर काचेच्या पाठीवर कथील आणि पाऱ्याचा मिश्रथर बसवत असत. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग याने द्रावणातून काचेवर चांदी बसवता येते हे दाखवले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पाऱ्याची पद्धत मागे पडली. आजच्या चांगल्या आरशात काचेला लागून चांदीचा अतिशय पातळ थर, बहुधा त्यावर तांब्याचा थर आणि शेवटी रंगाचे दोन हात असतात. स्वस्त आरशांत चांदीऐवजी ॲल्युमिनियम असते.

कोल्हापुरात असे खरे जुने आरसे अजून दिसतात: पेठांमधल्या वाड्यांत, जुन्या केशकर्तनालयांत, देवघराशेजारच्या भिंतीवर. नवे घर सजवताना तसाच आरसा हवा, अशी मागणी गेल्या काही वर्षांत वाढली आहे. घरी तो बनवणे अवघड नाही. अवघड आहे ते तो खोटा न दिसणे.

डाग कुठे पडतात

कृतीला हात घालण्याआधी एखादा खरोखर खराब झालेला आरसा जवळून पाहावा. बेसिनवरचा दहा-पंधरा वर्षांचा आरसा यासाठी उत्तम. काळे डाग सगळीकडे सारखे नसतात. ओल कडेने आत शिरते, म्हणून कडेला काळी झालर तयार होते. ती खालच्या बाजूला जास्त रुंद असते, कारण ओघळलेले पाणी खालच्या पट्टीत किंवा क्लिपमध्ये साचून राहते. कडेकडून मध्याकडे डाग लहान आणि विरळ होत जातात. क्लिप किंवा स्क्रू जिथे पाठीवर टेकतो तिथे एक वेगळा डाग असतो. पाठीच्या रंगाला ओरखडा गेला असेल तर त्या रेषेवर बारीक ठिपक्यांची माळ दिसते. मध्यभाग बहुतेक वेळा स्वच्छच असतो, फार तर थोडा पिवळसर.

नवशिक्याच्या आरशात याच्या उलट घडते. ताटात बुंदी पाडावी तसे एकाच आकाराचे ठिपके सगळीकडे एकसारखे पसरलेले असतात, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी ते खोटे वाटतात. कागदावर आरशाच्या आकाराचा चौकोन काढून ओल कुठून शिरली असती हे पेन्सिलने आखून घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे, पण पुढचे सगळे त्यावरच उभे असते.

साध्या काचेवर स्प्रेने

घरी करायला ही सर्वांत सोपी पद्धत. लागणारा रंग म्हणजे ‘मिरर इफेक्ट’ प्रकारचा स्प्रे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा चंदेरी किंवा ‘क्रोम’ स्प्रे इथे चालत नाही. तो काचेतून पाहिल्यावर राखाडी दिसतो. मिरर स्प्रेमध्ये अतिशय बारीक ॲल्युमिनियमचे चपटे कण आणि अगदी कमी बांधणारे द्रव्य असते. गुळगुळीत काचेवर हे कण आडवे निजतात आणि प्रकाश परत फेकतात.

काच ४ मिमीची घ्यावी. ३ मिमीची काच मोठ्या मापात लवते आणि प्रतिबिंब वाकडे दिसते. दुकानातच कडा घासून घ्याव्यात, नाहीतर पुसताना बोट कापले जाते. भांडी धुण्याच्या द्रवाने काच धुवावी, मग सर्जिकल स्पिरिटने दोनदा पुसावी आणि त्यानंतर पाठीला बोट लावू नये. बाटलीतल्या काच क्लीनरचा शेवटचा हात देऊ नये. त्यातली द्रव्ये मागे राहतात आणि रंग सुटतो. समोरची बाजू वर्तमानपत्र आणि मास्किंग टेपने पूर्ण झाकून घ्यावी. उडालेला स्प्रे कडेवरून वळून समोर बसतो, आणि तो खरडून काढताना काचेवर चरे पडतात.

इथला सगळा हिशोब उलटा असतो. रंग पाठीवर द्यायचा आणि पाहायचे समोरून. म्हणून जो थर आधी दिला तोच सर्वांत पुढे दिसतो. देवादिकांची जुनी काचचित्रे रंगवणारेही आधी डोळ्याची बाहुली आणि दागिन्यांच्या रेघा काढत आणि पार्श्वभूमी शेवटी भरत. त्यामुळे चंदेरी थर पूर्ण झाल्यावर वरून काळे ठिपके मारून उपयोग नसतो, समोरून ते दिसतच नाहीत. चंदेरी थरातच भोके ठेवावी लागतात आणि मागून काळा रंग भरावा लागतो. डावे-उजवेही बदलते, पेन्सिलचा नकाशा पाठीवर काम करताना उलटा धरावा.

भोके पाडायला पांढरे व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फवाऱ्याच्या बाटलीत भरतात. व्हिनेगर रंग खाते हा समज बरोबर नाही. थेंब जिथे बसतो तिथे रंग काचेपर्यंत पोचत नाही, एवढेच. व्हिनेगरमुळे पाण्याचा पृष्ठताण थोडा कमी होऊन थेंब वेडावाकडा पसरतो. नुसत्या पाण्यानेही काम होते, पण थेंब गोल पडतात. पाणी बोअरचे घेऊ नये, त्यातल्या क्षारांची पांढरी कडी काचेवर राहते. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे.

आता क्रम. स्प्रेचा डबा दोन मिनिटे हलवावा. कडेच्या ज्या भागात डाग हवेत तिथे, विशेषतः तळाशी, व्हिनेगर-पाण्याचा फवारा मारावा: काही वेळा जवळून, काही वेळा दीड-दोन फुटांवरून, म्हणजे थेंब लहानमोठे पडतात. लगेच २० ते २५ सेंटिमीटरवरून स्प्रेचा एक हलका हात फिरवावा. साधारण एक मिनिट थांबावे आणि टिश्यू पेपर वरून नुसता दाबून थेंब टिपून घ्यावेत. घासले की फराटा उमटतो. मग कोरड्या काचेवर दुसरा हात. तिसऱ्या हाताआधी पुन्हा थोडा फवारा, पण या वेळी फक्त अगदी कडेला. अशा रीतीने एकूण चार-पाच पातळ हात, प्रत्येकात एक-दोन मिनिटांचे अंतर. आधीच्या थेंबाच्या जागी पुढचा हात अर्धवट बसतो आणि काळ्याऐवजी धुरकट डाग मिळतो; खऱ्या आरशात दोन्ही असतात. पहिला हात दिल्यावर काच काळपट आणि निराशाजनक दिसते. तिथे घाबरून जाड हात मारणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. जाड थरात द्रावक जास्त वेळ ओला राहतो, आडवे निजलेले कण पुन्हा तरंगतात, आणि आरसा कायमचा राखाडी होतो. तसे झाले तर थिनरने सगळे पुसून पहिल्यापासून सुरू करावे. वरून आणखी हात देऊन ते सुधारत नाही.

चोवीस तास वाळू दिल्यावर पाठ काळी करायची. इथे पाण्यातला ॲक्रिलिक रंग स्पंजने थोपटून लावणे उत्तम. ऑइलपेंट किंवा काळ्या स्प्रेमधला थिनर खालचा चंदेरी थर उचलू शकतो. निव्वळ काळा रंग फार कडक दिसतो. कडेला काळा, आत येताना त्यात तपकिरी मिसळलेला, असे केले तर ओलीचा रंग जमतो. सोनेरी स्प्रेची अगदी पुसटशी धूळ आवडत असल्यास काळ्याच्या आधी द्यावी, पण जपून. दोन सेकंद जास्त झाले की लग्नाच्या हॉलची सजावट वाटते.

कोल्हापूरच्या हवेचा इथे मोठा संबंध आहे. जून ते सप्टेंबर हे काम करू नये. दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरते आणि थरात दुधासारखी पांढुरकी झाक अडकते. एप्रिल-मेच्या भर दुपारी उलट त्रास होतो: कण काचेपर्यंत पोचण्याआधी हवेतच सुकतात आणि थर खरखरीत बसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी दहानंतर, दव उतरल्यावर, गच्चीच्या आडोशाला काम चांगले होते. उसाच्या हंगामात चिपाडांची काजळी उडून येणाऱ्या भागांत मात्र वर पत्रा किंवा खोका हवा; एक कण ओल्या थरावर बसला की तो तिथेच राहतो.

तयार आरशाचा पारा उडवणे

ही पद्धत जास्त खरी दिसते, कारण मध्यभागी खरा आरसाच शिल्लक राहतो. आरसा पालथा ठेवून पाठीवर पेंट रिमूव्हरची जेल जाड लावावी. दहा-वीस मिनिटांत रंग सुरकुततो. तो प्लास्टिकच्या पट्टीने न दाबता उचलावा. लोखंडी पट्टी किंवा काथ्या वापरला की धातूचा थर त्याच्याबरोबर जातो. दोनदा लावावे लागते. जेलमध्ये मेथिलीन क्लोराईड असेल तर तिची वाफ हवेपेक्षा जड असून खाली साचते. बंद बाथरूममध्ये असे काम करताना माणसे दगावली आहेत. उघड्यावरच करावे, आणि साध्या रबरी किंवा नायट्राइल हातमोज्यांतूनही ते लवकर आत झिरपते हे लक्षात ठेवावे.

रंग निघाल्यावर लालसर तांबूस थर दिसला तर आरसा चांदीचा. थेट पांढरा चकचकीत थर दिसला तर ॲल्युमिनियम असू शकतो. कोपऱ्यात कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणाचा एक थेंब टाकावा: ॲल्युमिनियम तिथल्या तिथे विरघळून काच पारदर्शक होते, चांदीला काही होत नाही.

उघड्या पडलेल्या थरावर डाग पाडण्यासाठी बऱ्याच ठिकाणी हायड्रोक्लोरिक ॲसिड सांगितलेले आढळते. ते तांबे खाते, पण चांदी विरघळवत नाही. शिवाय शहाबादी फरशी चुनखडीची असल्याने सांडलेला थेंब तिला कायमचा खड्डा पाडतो. घरात ॲसिड आणण्याचे काहीच कारण नाही. कपडे धुण्याचे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, स्पंजने कडेला टिपून लावले की तेच काम सावकाश आणि आटोक्यात होते. काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत तपकिरी-करडे डाग उमटतात. दर दोन मिनिटांनी आरसा उचलून समोरून पाहावे, आणि हव्या त्याच्या थोडे आधीच भरपूर पाण्याने धुवावे. धुताधुताही डाग थोडा पुढे सरकतो. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही बाटल्या एका वेळी जवळ नसाव्यात.

उघडी चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. हुपरीचे कारागीर दागिन्यांना जो काळा रंग देतात त्याला ‘ऑक्सिडाइज’ म्हणतात, पण तोही चांदीचा सल्फाइडच असतो. म्हणून धुऊन, पूर्ण वाळवून पाठीला त्याच दिवशी रंगाचा हात द्यावा.

वर्ख

मिठाईवरचा चांदीचा वर्खही काचेवर बसतो. सरकारी नियमानुसार तो ९९.९ टक्के शुद्ध चांदीचा असतो. जिलेटिनची एक मोठी रिकामी कॅप्सूल अर्धा लिटर गरम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून तो चिकटा काचेवर ओतायचा आणि वर्खाचा कागद जवळ नेऊन पान सोडायचे. ते स्वतः ओढले जाते. पंखा बंद हवा. वर्ख असमान ठोकलेला असल्याने भेगा, फटी आणि एकावर एक आलेल्या कडा आपोआप मिळतात. वेगळा फवारा लागत नाही. वाळल्यावर मागून काळा रंग. सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाने खरी चांदी चढवण्याचा खटाटोप मात्र घरी करू नये. उरलेले द्रावण ठेवून दिले तर त्यात स्फोटक संयुग तयार होते.

खरा जुना आरसा सापडला तर

वाड्यातला आरसा हाती आला तर आधी त्याच्या काचेजवळ पांढरा कागद धरावा. प्रतिबिंबात कागद निळसर-करडा दिसला, थरात बारीक चमचमते स्फटिक असले, किंवा चौकटीच्या तळाशी पाऱ्याचे मणी असले, तर तो कथील-पाऱ्याचा आहे. त्याची पाठ खरवडू नये, उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये, आणि नेताना उभाच न्यावा. चांदीच्या आरशात कागद किंचित पिवळसर दिसतो.

बसवणे आणि पुसणे

भिंतीवर किंवा प्लायवर चिकटवताना ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागून घ्यावे. आंबूस वास येणाऱ्या साध्या सिलिकॉनमधून ॲसेटिक ॲसिड सुटते, आणि महिनाभरात चिकटवलेल्या प्रत्येक ठिपक्याचा गोल समोरून दिसू लागतो. भिंत आणि पाठ यांत ३ मिमीची फट राहू द्यावी. स्प्रेचा आरसा बाथरूममध्ये लावू नये. पुसताना पाणी आरशावर न मारता कपड्यावर मारावे. काचेवरून ओघळलेले पाणी खालच्या कडेत जाऊन बसते.